दुसऱ्या खेपेची बातमी

एका विद्यार्थिनीने विचारलं आहे, थोडक्यात असं: "मी संभाजीनगरला पत्रकारितेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गाव गेवराई तालुक्यात. एका दैनिकाच्या जिल्हा पानासाठी वर्षभर बातम्या पाठवते, मानधन नाही. गावातल्या टँकरच्या खेपांवर बाराशे शब्द लिहिले. छापून आल्या चार ओळी, त्याही माझ्या नावाशिवाय आणि मुख्य मुद्दा गाळून. अधिकारी फोन उचलत नाहीत, कॉलेजचं ओळखपत्र बघून हसतात. घरचे विचारतात, यातून मिळणार काय? सर, तुम्ही कसे टिकलात? माझं काय चुकतंय?"

टिकलो कसा हे मलाच नीट सांगता येणार नाही. काय चुकतंय ते मात्र सांगता येईल, कारण तू सोबत पाठवलेली मूळ बातमी मी दोनदा वाचली. तुला 'तू' म्हणतो, राग मानू नकोस, माझी थोरली तुझ्याच वयाची आहे.

आधी वाईट ते सांगतो. त्या रात्री डेस्कवर मी असतो तर मीही तो मुद्दा गाळला असता. तू लिहिलंस, "दिवसाला तीन खेपा मंजूर असताना प्रत्यक्षात एकच खेप येते." तीन मंजूर आहेत हे कुणी सांगितलं? सरपंचांनी, फोनवर. एकच येते हे कुणी सांगितलं? गावकऱ्यांनी. तू स्वतः किती दिवस पाहिलंस? एक दिवस, रविवारी, सुट्टीला गेली होतीस तेव्हा. रात्री साडेनऊला पान सोडायच्या घाईत असलेल्या उपसंपादकाने यातलं काय छापावं? उद्या ठेकेदार कार्यालयात येऊन म्हणाला, रविवारी गाडीचं टायर फुटलं होतं, सोमवारी चार खेपा टाकल्या, तर आमच्याकडे दाखवायला काय आहे? म्हणून त्याने "पाणीटंचाईने ग्रामस्थ हैराण" अशा चार ओळी केल्या. आळशीपणा त्यात आहेच, तो मी नाकारत नाही. पण त्याला तसं करायला जागा तू दिलीस.

आता तीच बातमी कशी उभी राहिली असती ते बघ. ग्रामीण भागात टँकरने पाणी देताना माणशी दिवसाला २० लिटरचा हिशेब धरतात. तुझ्या गावाची लोकसंख्या तू १,८०० लिहिली आहेस, म्हणजे ३६,००० लिटर झाले. टँकर १२,००० लिटरचा असेल तर तीन खेपा. म्हणजे सरपंचांचा आकडा बरोबर दिसतोय, पण तो आता सरपंचांच्या तोंडचा राहिला नाही, तुझ्या हिशेबातून आला. पुढचा प्रश्न त्या टँकरच्या नोंदवहीचा. कोणत्या दिवशी किती खेपा झाल्या, त्यावर सह्या कुणाच्या, ही वही कुठेतरी असतेच, कारण तिच्याशिवाय ठेकेदाराचं बिल निघत नाही. त्या वहीतला आकडा आणि गावात प्रत्यक्ष मोजलेला आकडा शेजारी शेजारी ठेवले की बातमी झाली. त्यात "हैराण" हा शब्द लागत नाही, "गावकऱ्यांचे म्हणणे" लागत नाही आणि बाराशे शब्दही लागत नाहीत.

तू पाठवलेल्या वर्षभराच्या बाकीच्या बातम्यांतही मला हेच दिसलं. सगळ्या एकाच खेपेच्या. एकदा गेलीस, बोललीस, लिहिलंस, पाठवलंस. दुसऱ्यांदा कुठेच गेली नाहीस. तालुक्याच्या वार्ताहराला दुसऱ्यांदा जाता येत नाही, त्याला रोज पान भरायचं असतं आणि दिवाळीच्या शुभेच्छा जाहिरातींचं टार्गेट असतं. तुला मानधन नाही याचा अर्थ रोज काहीतरी पाठवलंच पाहिजे असं तुझ्यावर बंधनही नाही. हे तुझं भांडवल आहे आणि तू ते वापरत नाहीस.

मी हे कुठे शिकलो ते सांगतो. सांगायला आजही जड जातं.

३० सप्टेंबर १९९३. मी लातूरला बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. आदल्या रात्रीची गणपती विसर्जनाची मिरवणूक आटोपून खोलीवर येऊन पडलो होतो आणि पहाटे चार वाजायच्या आत जमीन हलली. तिसऱ्या दिवशी कॉलेजच्या पोरांबरोबर ट्रकमध्ये बसून किल्लारीच्या बाजूला गेलो. गावाचं नाव लिहीत नाही. माळवदाची घरं होती सगळी, रुंद दगडी भिंती, वर लाकूड आणि हातभर मातीचा थर. झोपेतल्या माणसांवर तेच कोसळलं होतं. आम्ही दगड उचलत होतो आणि माझ्या खिशात वही होती, कारण एका साप्ताहिकाला मी अधूनमधून मजकूर द्यायचो आणि स्वतःला पत्रकार समजायचो.

एका ढिगाऱ्यापाशी शेजारच्या माणसाने सांगितलं, हे घर अख्खं गेलं. मी नावं विचारली. त्याने पाच नावं सांगितली, मी पाच लिहून घेतली, पाचही छापून आली. त्यातला एक माणूस सोलापूरच्या दवाखान्यात पाय प्लास्टरमध्ये घालून पडला होता. बार्शीत त्याचा चुलत भाऊ होता, त्याने ते वाचून त्याच्या नावाने आंघोळ केली, सुतक धरलं. दोन-अडीच महिन्यांनी तो माणूस कुबड्यांवर आमच्या कार्यालयात आला. हातात कात्रण. मला वाटलं शिव्या देईल. तो खुर्चीवर बसला, पाणी प्यायला आणि म्हणाला, "हे तुमीच लिवलंय का? माझ्या भावानं सुतक धरलं माझं. आता त्येला काय सांगू, तुमीच सांगा."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. बाकीची चार नावं बरोबर होती, हे त्याच्यासमोर म्हणायची सोय नव्हती. ती चार माणसं त्याचीच होती.

मला आजवर बोचतं ते वेगळंच. शेजारी खोटं बोलला नव्हता, त्याला तसंच वाटत होतं. आणि आमचा ट्रक दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच गावात गेला होता. मी पुन्हा त्या ढिगाऱ्यापाशी जाऊ शकत होतो, तोवर जखमींच्या याद्याही लागायला लागल्या होत्या. पण मला नवीन ढिगारा हवा होता, नवीन माणूस, नवीन नाव. जुन्या जागी पुन्हा जाण्यात काही मिळणार नाही असं विसाव्या वर्षी सगळ्यांनाच वाटतं.

असो. तुझ्या अधिकाऱ्यांकडे येऊ. ते फोन उचलत नाहीत कारण अनोळखी नंबर उचलायचा नाही हा त्यांचा नियमच झालाय. माझाही उचलत नाहीत कितीदा. फोन सोडून दे. पंचायत समितीत जा आणि साहेबांच्या केबिनकडे न जाता ज्या टेबलावर टंचाईची फाईल असते त्या टेबलापाशी जा. तिथला लिपिक तुला पहिल्या दिवशी काही सांगणार नाही. दुसऱ्या दिवशी "बसा" म्हणेल. तिसऱ्या दिवशी तोच विचारेल, तुमचं गाव कोणतं. मराठवाड्यात गावाचं नाव निघालं की कुणाचीतरी आत्या, कुणाचातरी साडू तिथे निघतोच, आणि तिथून बोलणं सुरू होतं. त्याचा गैरफायदा घेऊ नकोस. त्याने जे खासगीत सांगितलं ते त्याच्या नावावर छापायचं नाही, कागद कुठल्या कपाटात आहे एवढं कळलं की पुरे.

आणि कपाट उघडायचा रस्ता कायद्याने दिलेला आहे. नोव्हेंबर २०१८ मध्ये शासनाने निर्णय काढला की जिल्हा पातळीवरच्या कार्यालयांत आणि स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना अभिलेख बघू द्यायचे. किती कार्यालयांत हे पाळतात हीच एक बातमी आहे, कर कधीतरी. माहिती अधिकाराचा अर्ज वेगळा. १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप, एका अर्जात एकच विषय, आणि महाराष्ट्रात अर्जाचा मजकूर १५० शब्दांच्या आत. तुझ्या लिहिण्याच्या सवयीला हे औषध आहे. "टँकर घोटाळ्याची संपूर्ण माहिती द्यावी" असं लिहिलंस तर उत्तर येईल, "माहितीचा बोध होत नाही". अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत, अमुक गावासाठी, टँकरच्या खेपांच्या नोंदवहीच्या प्रती आणि देयकाच्या प्रती, एवढंच माग. शक्य तिथे प्रती मागण्याऐवजी बघायला माग. पहिल्या तासाला पैसे पडत नाहीत आणि वही हातात आली की तू न विचारलेल्या गोष्टीही दिसतात. एकाच शाईने, एकाच बैठकीत केलेल्या महिनाभराच्या सह्या मी झेरॉक्सवर कधीच ओळखू शकलो नसतो.

तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर पहिलं अपील, पुढच्या तीस दिवसांत. ते फुकट जात नाही, सुनावणीला तुला समोरासमोर बसवतात आणि तोच तुझा अधिकाऱ्याशी पहिला खरा संवाद असतो. दुसरं अपील माहिती आयोगाकडे, त्याला वर्षही लागतं, तोवर तुझी पदवी होऊन जाईल. पण अर्ज टाकून ठेव. मी बी पेरल्यासारखे टाकत आलोय, काही उगवतात.

तुमच्या अभ्यासक्रमात 'दर्पण' ६ जानेवारी १८३२ ला निघाला हे घोकून घेतात, ते घोकावंच. पण अब्ज घनफूट म्हणजे काय हे कुणी सांगत नाही, आणि मराठवाड्यात पत्रकारिता करणाऱ्याला ते रोज लागतं. तू जुलैच्या एका बातमीत लिहिलं आहेस, "जायकवाडीत सध्या २० हजार क्युसेक पाणी आहे." धरणात क्युसेक नसतात गं. क्युसेक म्हणजे सेकंदाला किती घनफूट पाणी वाहतंय. धरणात साठा असतो, तो टीएमसीत (अब्ज घनफुटांत) किंवा दलघमीत (दशलक्ष घनमीटरमध्ये) सांगतात. एक टीएमसी म्हणजे १०० कोटी घनफूट. ८६,४०० सेकंदांचा दिवस धरला तर ११,५७४ क्युसेक पाणी अख्खा दिवस आत आलं तेव्हा कुठे एक टीएमसी भरतो. हा एक आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेव. म्हणजे "नाशिकमधून ५० हजार क्युसेकने विसर्ग, जायकवाडी दोन दिवसांत भरणार" असं कुणी म्हणालं की पारावर बसल्या बसल्या तुला हिशेब करता येईल. दिवसाला चार-साडेचार टीएमसी, वाटेतली घट वेगळी, आणि नाथसागराची, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयाची, एकूण क्षमता १०२ टीएमसीच्या घरात.

त्यातही एक मेख आहे. रोज छापतात ती टक्केवारी जिवंत साठ्याची, म्हणजे साधारण ७६ टीएमसीची. उरलेला २६ टीएमसी मृतसाठा. त्यामुळे शून्य टक्के छापून आलं तरी धरणात पाणी असतं आणि शहराला ते उपसून देतात. शेताचा कालवा मात्र बंद झालेला असतो. "धरण कोरडेठाक" हे शीर्षक मी स्वतः दोनदा दिलंय, दोन्ही वेळा चुकीचं.

तसंच अतिवृष्टीचं. महसूल मंडळात, म्हणजे काही गावांच्या एका गटात, २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की अतिवृष्टी. पण पर्जन्यमापक मंडळाच्या एका जागी असतं आणि ढग फुटतो दुसऱ्या शिवारात. तुझ्या पिकात गुडघाभर पाणी आणि कागदावर ४१ मिलिमीटर, असं होतं. ही तक्रार घेऊन लोक तुझ्याकडे येतील. तेव्हा त्यांच्याबरोबर हळहळण्याआधी ते यंत्र कुठे बसवलंय ते बघून ये. चिंचेच्या झाडाखाली निघालं तर फोटो काढ.

आता ज्या बातमीला सगळ्यात जास्त दुसऱ्यांदा जावं लागतं ती. आपल्याकडे शेतकऱ्याच्या आत्महत्येची बातमी तालुक्याहून येते तेव्हा तिचं वाक्य ठरलेलं असतं, "नापिकी व कर्जबाजारीपणाला कंटाळून". पहिल्या दिवशी हे कुणाला माहीत असतं? पोलीस पाटलाला नसतं, बायकोलाही कधी कधी नसतं. कसं केलं, कशाने केलं हे लिहायचं नाही, तपशील द्यायचा नाही, आणि बातमीखाली टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक द्यायचा. इतकं पहिल्या दिवसाचं. त्या दिवशी घरात शिरून बाईपुढे फोन धरू नकोस.

तीन महिन्यांनी जा. तोवर तहसीलमधून प्रस्ताव जिल्हा समितीकडे गेलेला असतो आणि "पात्र" किंवा "अपात्र" असा शेरा आलेला असतो. पात्र ठरलं तर एक लाखाची मदत. कर्ज बँकेचं, सोसायटीचं किंवा परवानाधारक सावकाराचं असावं लागतं. हातउसने घेतलेले, बिनपरवाना सावकाराकडून घेतलेले, बियाण्याच्या दुकानात उधारी राहिलेले पैसे या खात्यात बसत नाहीत. परभणी जिल्ह्यातल्या एका बाईकडे मी असा गेलो होतो. "अपात्र"चं पत्र तिने देव्हाऱ्यात ठेवलं होतं, सरकारी कागद म्हणून. तिला वाचता येत नव्हतं आणि कुणी वाचून दाखवलं नव्हतं. ते मी वाचून दाखवलं. बातमी मोठी छापून आली, नावासकट. ते पत्र मी वाचायला हवं होतं का, हे मला आजही ठरवता आलेलं नाही. गावातली आशा स्वयंसेविका तिच्या ओळखीची होती, तिला सोबत न्यायला हवं होतं, एवढं कळलं.

लहान मुलींच्या, बलात्काराच्या प्रकरणांत नाव तर नाहीच, पण "अमुक गावातल्या अमुक शिक्षकाची मुलगी" असंही नाही. कायद्याने गुन्हा आहे, आणि गावात आडनावावरून, गल्लीवरून सगळं कळतं.

आडनावावरून आठवलं. तू लिहिलं नाहीस, पण तुला हे भेटलं असणारच. बातमीला गेलं की पाणी द्यायच्या आधी आडनाव विचारतात. पूर्वीही विचारायचे. २०२३ मध्ये अंतरवाली सराटीचं मराठा आरक्षण आंदोलन झाल्यापासून तर आडनाव सांगितल्यावर समोरचा कोणतं वाक्य बोलणार हेही ठरून गेलंय. लपवू नकोस, फिरवून सांगू नकोस. आणि गावात गेलीस की मारुतीच्या पारावर जेवढा वेळ बसतेस तेवढाच वेळ पलीकडच्या वस्तीवर बस, तिथलाही चहा पी. टँकर आधी कुठे थांबतो आणि पाइप कुठपर्यंत पोचतो, हे पारावर बसून कधीच दिसत नाही.

तुझ्या पत्राच्या शेवटी एक ओळ आहे, "सरपंच माझे चुलत मामा लागतात". ही ओळ पहिली असायला हवी होती. आधी डेस्कला सांग. मग तुझ्या एका गावावर थांबू नकोस. त्याच ठेकेदाराचे टँकर शेजारच्या कोणत्या गावांना जातात ते काढ, आणखी दोन गावं घे. म्हणजे बातमी मामाची राहणार नाही, तालुक्याची होईल. मामा तरीही बोलायचे बंद होतील. माझे एक मेव्हणे अकरा वर्षं बोलत नव्हते, मग मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन आले.

पैशांचं थोडक्यात, कारण त्यात माझं ज्ञान तोकडं आहे. मी आठ वर्षं एका प्रिंटिंग प्रेसमध्ये लग्नपत्रिकांची आणि पतपेढ्यांच्या अहवालांची प्रुफं तपासली, त्यावर खोलीभाडं निघालं. लेखनातले ऱ्हस्व-दीर्घ मी तिथे शिकलो. तूही भाषांतर, मुद्रितशोधन असं काहीतरी धर. पत्रकार परिषदेतलं पाकीट घ्यायचं नाही. डायरी आणि पेन घ्यावं का, यावर माझं एकमत व्हायचं आहे. गावाकडे जाताना एस. टी.त अर्धं तिकीट आहे तोवर भरपूर फिरून घे, फक्त शेवटच्या मुक्कामी गाडीवर विसंबून परतीचं ठरवू नकोस. आणि कुठे जातेस ते खोलीतल्या मैत्रिणीला सांगून निघ. पुरुष वार्ताहरांना हे सांगावं लागत नाही, तुला लागतं, हे मला आवडत नसलं तरी सांगतो.

भाषेबद्दल एकच. "घटनास्थळी धाव घेतली", "परिसरात हळहळ व्यक्त होत आहे", "सुदैवाने अनर्थ टळला" ही वाक्यं तू कुठून उचललीस ते मला माहीत आहे, मीच लिहिली आहेत ती. दरवर्षी वेळ अमावस्येला लातूरच्या पानावर "शहरात अघोषित संचारबंदी" असं येतं. सगळे शेतात आंबील प्यायला गेलेले असतात, त्याला संचारबंदी म्हणायची कल्पना पहिल्यांदा ज्याला सुचली त्याला मानलं पाहिजे, बाकीच्यांना नाही. तुझ्या टँकरच्या बातमीत एक म्हातारी म्हणते, "पाणी येतंय म्हून घागरी मांडायलोत, की घागरी मांडल्यात म्हून पाणी येतंय, काय कळना गेलंय." हे तू नवव्या परिच्छेदात टाकलंस. डेस्क तिसऱ्या परिच्छेदापुढे वाचत नाही.

तर आता असं कर. या आठवड्यात आईला फोन कर. स्वयंपाकघराच्या भिंतीवर कालनिर्णय असेलच, दुधाच्या नोंदी करतातच त्यावर. टँकर आला की त्या तारखेच्या चौकोनात एक रेघ, दोनदा आला तर दोन. तुझ्या घरी, वेशीकडच्या एका घरी, वस्तीवरच्या दोन घरी आणि शेजारच्या दोन्ही गावांत तुझ्या मैत्रिणी असतील त्यांच्या घरी. कुणी कुणाला विचारून रेघ मारायची नाही. टँकर आला नाही तर फुली मारायची, चौकोन रिकामा ठेवायचा नाही, नाहीतर विसरलं की आला नाही हे कळणार नाही. तोवर इकडे तू सोमवारी तीनला पंचायत समितीत जा, वही बघायला माग आणि १५० शब्दांचा अर्ज टाक. महिना संपला की ती पानं घेऊन माझ्याकडे ये. फोटो नको, पानंच हवीत. मागच्या बाजूचं राशिभविष्य आईचं वाचून व्हायचं असेल तर ते होऊ दे आधी.